मोरोविंड पुन्हा खेळावा का? (आणि आमच्या दादाने म्हाताऱ्याला का मारलं)

प्रश्न असा होता: "शाळेत असताना मोरोविंड वेड्यासारखा खेळलो होतो. आता पस्तिशी आली. पुन्हा खेळला तर मजा येईल की आठवणीचा चुथडा होईल? मॉड (चाहत्यांनी केलेले बदल) घालावेत का? आणि डब्यातला तो कागदी नकाशा आता कुठे मिळतो का?"

खेळा. येईल मजा. पहिले चार तास शिव्या घालाल, मग येईल.

इथेच थांबायला हवं होतं. पण मोरोविंडचं, त्या जुन्या कॉम्प्युटर गेमचं, नाव निघालं की आमच्या घरातलं एक भांडण उकरलं जातं. ते २००४ पासून चालू होतं, गेल्या दिवाळीत मिटलं. निदान मी तरी तसं समजतो.

तेव्हा आम्ही सांगलीत राहायचो. दादा बारावीला, मी आठवीत. घरात पेंटियम फोर आला तो दादाच्या "अभ्यासासाठी", २५६ एमबी रॅम आणि स्वस्तातल्या स्वस्त ग्राफिक्स कार्डासकट. गेम आला २००२ साली, पण आमच्या घरी पोचायला त्याला दोन वर्षं लागली. तोही दादाच्या क्लासमधल्या मित्राकडून, मार्करने नाव लिहिलेल्या सीडीवरून. (हो, चोरीचाच. पुढे विकत घेतला, पाप फेडलं.) डबा नाही म्हणजे डब्यातला नकाशाही नाही. आता तुम्ही खेळला आहात म्हणजे तुम्हाला सांगायला नको, पण मोरोविंड नकाशाशिवाय खेळणं म्हणजे काय असतं! डोक्यावर तरंगणारा बाण नाही, होकायंत्रावर ठिपका नाही. एखादा माणूस सांगणार: गावाबाहेर पडा, नदी ओलांडा, पाटी लागली की डावीकडे, टेकडीला वळसा घाला, दार दिसेल. पुष्कळदा ते डावीकडे नसून उजवीकडेच असणार. शिवाय पहिल्या आवृत्तीतली ती जर्नल, म्हणजे गेममधली नोंदवही, सगळं तारीखवार एकाखाली एक. रद्दीच्या गठ्ठ्यात लाइटबिल शोधावं तसं काम. कामांनुसार लावलेली यादी पुढे ट्रिब्युनल या एक्स्पान्शनमध्ये (जोड-भागात) आली, ती आमच्याकडे नव्हती.

म्हणून आम्ही कामं वाटून घेतली. माऊस दादाकडे, वही माझ्याकडे. दोनशेपानी वही. कोण कुठे भेटला, काय म्हणाला, किती पैसे देणार, सगळं मी मराठीत लिहायचो. दोघेही मराठी माध्यमाचे, त्यामुळे मांडीवर इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडा. त्यात गेममधल्या प्राण्यांची नावं शोधायचो: "क्वामा" सापडेना, "नेटच" सापडेना, "ग्वार" सापडेना. आम्हाला वाटायचं आपलाच शब्दकोश जुना आहे. नकाशा दादाने आलेखाच्या कागदावर काढला, एक सेंटिमीटर म्हणजे पळत एक मिनिट. भूमितीत तो पहिल्यापासून हुशार. सेडा नीन, बाल्मोरा, अल्डरून, मधले डोंगर, सिल्ट स्ट्रायडरचे थांबे. त्या अवाढव्य किड्याच्या पाठीवर बसून प्रवास करायचा आणि मिरजेला गाडी बदलावी तशी अल्डरूनला बदलायची, ही कल्पनाच आम्हाला एसटीमुळे चटकन पटली. क्लिफ रेसर या उडणाऱ्या प्राण्याच्या किंचाळण्याने आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "ती कोंबडी बंद करा आधी!"

माझ्या आयुष्यातल्या मोठ्या यशांत एक आर्कंगथांडचं आहे. ड्वेमर या नाहीशा झालेल्या जमातीच्या तिथल्या भुयारातलं ते कोड्याचं डबडं. तीन संध्याकाळी आम्ही ते अख्खं भुयार विंचरून काढलं. चौथ्या दिवशी दादा जेवायला उठला तेवढ्यात मी खुर्चीवर बसलो आणि मला ते दिसलं, सुरुवातीच्याच भागात, एका छोट्या खोलीत, फळीवर. मुठीएवढा चौकोनी तुकडा. मी इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजारच्या काकू बघायला आल्या. दादाचं म्हणणं आजही हेच, की तो खोलीपर्यंत पोचलाच होता.

तर आता मुद्द्याचं.

लोडशेडिंगचे दिवस होते. कधीही लाइट जायची, म्हणून दादाला दर पाच मिनिटांनी एफ५ दाबायची सवय लागली होती. क्विकसेव्ह, म्हणजे खेळ आहे तिथे साठवायचा, दर वेळी आधीच्यावरच. बोट आपोआप जायचं. एका संध्याकाळी मी शिकवणीहून आलो तर दादा गप्प बसलेला, आणि बाल्मोरातल्या त्या घरात कायस कोसाडेस जमिनीवर पडलेला. तोच, बिनशर्टाचा म्हातारा, बाहेरून नशेबाज आणि आतून बादशहाच्या हेरांचा प्रमुख. मुख्य कथेची पुढची सगळी कामं त्याच्याकडूनच यायची.

"का मारलास?"

"सारखी कामं सांगतो की. आधी दोनशे देतो आणि म्हणतो जा, अनुभव घेऊन ये. म्हणजे नोकरीच्या जाहिरातीसारखं."

पडद्यावर तो प्रसिद्ध संदेश येऊन गेला होता. याच्या मृत्यूने भविष्यवाणीचा धागा तुटला आहे, जुना सेव्ह उघडून विणकाम जोडा, नाहीतर तुम्हीच ओढवलेल्या या अभागी जगात असेच चालत राहा, अशा अर्थाचा. दादाने ओके केलं आणि सवयीने एफ५ दाबलं. मग जखमा भरायला गावाबाहेर जाऊन झोपला, तेव्हा ऑटोसेव्हही म्हातारा मेल्यानंतरचाच झाला. हाताने केलेला तिसरा सेव्ह होता तो अगदी सुरुवातीचा, पायात धड बूटही नव्हते तेव्हाचा. अडीच महिने पाण्यात.

मी रडलो की नाही हे इथे महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की दादा शब्दकोश घेऊन आला. त्या संदेशातला "पर्सिस्ट" शब्द त्याने काढून दाखवला: नेटाने चालू ठेवणे, हट्ट न सोडणे. "बघ, गेमच सांगतोय नेटाने चालू ठेवा म्हणून. म्हणजे वाट असणार." मी म्हटलं, हा टोमणा आहे. आई म्हणते ना, "जा, कर मनाला येईल ते," म्हणजे ती परवानगी नसते. दादा म्हणाला, इंग्रज टोमणा मारत नाहीत. (बेथेस्डा अमेरिकेतली, मेरीलँडची, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.)

पुढचे तीन आठवडे दादा त्या अभागी जगात खुशाल फिरत राहिला. हाऊस ह्लालू या व्यापारी घराण्यात शिरला, चोरीचा माल विकला, श्रीमंत झाला. मी वही मिटली ती उघडली नाही. मग दादाची पूर्वपरीक्षा आली, बाबांनी सीडी कपाटात टाकली, २००७ मध्ये कॉम्प्युटर विकला. मी मोरोविंड पूर्ण केलाच नव्हता. वीस वर्षं लोकांना सांगत आलो की माझा आवडता गेम मोरोविंड, आणि शेवट पाहिला नव्हता. आणि प्रत्येक लग्नाकार्यात कोणीतरी "तुम्ही लहानपणी गेम खेळायचा ना रे?" म्हटलं की आमच्यात त्या एका शब्दावरून जुंपायची.

गेल्या वर्षी सेलमध्ये विकत घेतला. दोन्ही एक्स्पान्शनसकट.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. काय टिकलंय आणि काय नाही.

मारामारी टिकलेली नाही. तेव्हाही ती भिकारच होती, आम्हाला तुलना करायला दुसरं काही नव्हतं एवढंच. तलवार खेकड्याच्या आरपार जाताना दिसते आणि गेम आतल्या आत फासे टाकून सांगतो, लागली नाही. पळत पळत जाऊन वार केला की दम संपलेला असतो, मग फासेही पडत नाहीत. चालत जा, दम ठेवा, जे शस्त्र येतं तेच वापरा, आठव्या पातळीनंतर राग येणं बंद होतं. संवादही टिकलेले नाहीत. आठवीत मी भक्तिभावाने वहीत उतरवलेली उत्तरं गावातला प्रत्येक दुसरा माणूस शब्दशः तीच देतो, गाइडमधून पाठ केल्यासारखी. माझ्या वहीची पंचवीसएक पानं तरी त्याच त्याच मजकुराने भरलेली असणार.

पाणी! पाण्याबद्दल सांगायलाच हवं. आमच्या कार्डात पिक्सेल शेडर नव्हता, त्यामुळे आमच्याकडे समुद्र म्हणजे निळसर सतरंजी. दादाच्या मित्राकडे ते पाणी चमकायचं, लाटांत आभाळ दिसायचं, आणि तो ते मुद्दाम दाखवायचा. गेल्या वर्षी सेडा नीनच्या धक्क्यावर उतरलो आणि नुसता उभा राहिलो. बायकोने विचारलं, हँग झालाय का? म्हटलं, नाही, पाणी बघतोय. आता कुठल्याही फोनवर याहून चांगलं पाणी दिसतं हे मलाही कळतं. तरी बघत राहिलो.

जग टिकलंय. मशरूमची झाडं, राखेची वादळं, मेलेल्या खेकड्याच्या कवचात बांधलेलं अख्खं सरकारी कार्यालय, जादूगारांचे जिने नसलेले मनोरे (ज्याला उडता येत नाही त्याने आमच्याकडे यायचंच कशाला, ही त्यांची वृत्ती). सेडा नीनसमोरच्या त्या पहिल्या गुहेत तस्करांनी गुलाम कोंडलेले असतात. २००४ मध्ये आम्ही चोर मारले, माल उचलला, आणि किल्ली कशाची हे न वाचताच निघून गेलो होतो. या वेळी वाचलं. परत जाऊन दार उघडलं. आठवीतल्या पोराला त्यात काही वाटलं नव्हतं याचं मला जरा वाईट वाटलं.

आणि सगळ्यात जास्त टिकलंय ते हेच, की हा गेम तुम्हाला चूक करू देतो. याच मालिकेतल्या पुढच्या ऑब्लिव्हियनमध्ये महत्त्वाचा माणूस मारा, तो बेशुद्ध पडतो आणि थोड्या वेळाने कपडे झटकून उठतो. त्यानंतरच्या स्कायरिममध्ये गुडघ्यावर बसतो, पुन्हा उभा. का? तर तुमचं नुकसान होऊ नये म्हणून. मला ही काळजी अपमानास्पद वाटते. मोरोविंड एक वाक्य लिहून दाखवतो आणि बाजूला होतो. म्हाताऱ्याला मारलंस ना, बरं, आता भोग. त्या एका वाक्यापायी मी भावाशी वीस वर्षं भांडलो. दुसऱ्या कुठल्या गेमच्या एका वाक्यात एवढी ताकद असेल असं मला वाटत नाही.

तर मी बाल्मोरात पोचलो. कायसने दोनशे दिले, सांगितलं अनुभव घेऊन ये. मी बाहेर आलो, सात वेगवेगळे सेव्ह केले, आत गेलो, आणि त्याला मारलं. तोच संदेश आला. ओके केलं.

दादा बरोबर होता. वाट आहे.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा. डागोथ उरला, म्हणजे कथेतल्या खलनायकाला, संपवायला कीनिंग आणि सन्डर ही दोन हत्यारं लागतात, आणि ती हातात धरायला रेथगार्ड हा एक हातमोजा. तो नसेल तर हत्यारंच तुमचा जीव घेतात. सरळ वाटेने गेलात तर हातमोजा व्हिवेक देतो, जिवंत देव, शहराचा मालक. (आम्ही त्याला विवेकच म्हणायचो.) धागा तुटला असेल तर विवेकला मारून पुढे जायचं, हे वाक्य मराठीत भलतंच वाटतं, पण तसंच आहे. त्याच्या प्रेतावर एक ड्वेमर वस्तू मिळते. ती न्यायची यागरम बगार्नकडे. तो जगातला शेवटचा ड्वेमर, टेल फिरच्या तळघरात रोग्यांच्या गर्दीत, सुजलेलं शरीर यंत्राच्या कोळीपायांवर टाकून बसलेला. त्याला कागरेनाकची दोन पुस्तकं आणून द्यायची, लाल पर्वतावरच्या किल्ल्यांतून. मग तो ती वस्तू कशीबशी जोडून देतो. ओरिजिनल नाहीच, जुगाड. घालताक्षणी अंगातला जीव असा ओरबाडला जातो की आधीच कमजोर असाल तर तिथेच संपता. पण चालतो.

यागरमसमोर उभा असताना मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. तो दोहात असतो, तिकडे रात्रीचे दहा वाजले असतील. कॅमेरा स्क्रीनकडे वळवला.

"हे काय?"

"अभागी जग. नेटाने चालू ठेवलंय."

थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बारक्या, मी सांगत होतो."

"तुला या माणसाचं नाव तरी माहीत होतं का तेव्हा?"

"नव्हतं."

"विवेकला मारायचं माहीत होतं?"

"नाही."

"मग कशावर सांगत होतास?"

"लिहिलं होतं की. चालत राहा म्हणून. लिहिलेलं खोटं कशाला असेल?"

मी यावर दोन दिवस विचार केला. मी शब्दाच्या मागे काय दडलंय ते शोधत बसलो आणि वही मिटली. त्याने शब्दकोशात जे होतं ते मानलं आणि तीन आठवडे मजेत खेळला. शब्दाचं भांडण तो जिंकला, लिहून देतो. एफ५चं नाही. एफ५ दाबणं ही चूकच होती, आणि झोपणं ही त्याहून मोठी. एक सेव्ह दोघांत ठेवू नये, हे मी आता माझ्या दोन्ही पोरांना पहिल्या दिवसापासून शिकवलंय. वेगळ्या फाइली, वेगळी नावं, एकमेकांच्या फाइलीला हात लावायचा नाही. तुम्हाला भावंडं असतील आणि तुम्ही तेव्हा एकत्र खेळला असाल, तर आधी त्यांना फोन करा आणि मगच गेम उतरवा. एकट्याने सुरू केलात तर निम्मी मजा जाईल.

मॉडचं विचारलंत. ओपनएमडब्ल्यू घाला, मूळ गेमच्या फाइलींवर चालणारं नवं इंजिन आहे, फुकट आहे, आजच्या मशिनवर नीट चालतं. चुका दुरुस्त करणारा एखादा पॅच घाला. बस. तोंडं सुंदर करणारे, गवत वाढवणारे, पन्नास मॉड लावून बसलात तर गेम लावण्यातच महिना जाईल, खेळणं राहील. आणि लांबचा मुलूख दाखवणारी सोय पहिल्या खेपेला बंद ठेवा, हात जोडतो. मी चालू केली आणि टेकडीवर चढलो तर जिथे जायला आम्हाला अख्खी संध्याकाळ लागायची ते गाव समोर, हाकेच्या अंतरावर. बेट एवढंसं. ते धुकं जुन्या मशिनची मजबुरी होती, पण त्या धुक्यानेच व्हार्डनफेल, म्हणजे गेमचं ते बेट, मोठं केलं होतं. मी सोय लगेच बंद केली, पण एकदा बघितलेलं बघितलं. टॅमरिएल रिबिल्ट हा मॉड वेगळाच विषय आहे, माणसं २००१ पासून फुकटात बेटाबाहेरची मुख्य भूमी बांधतायत, मूळ गेम संपला की तिकडे जा.

वॉकथ्रू, म्हणजे गेम कसा संपवायचा याची तयार उत्तरं, बघू नका. वाट चुकणं हाच या गेमचा निम्मा गेम आहे. (बरं, यागरमकडे वाट आहे हे मला स्वतःला कळलं नव्हतं, इंटरनेटवर वाचलं. पुस्तकं कुठे आहेत तेही. चौतिसाव्या वर्षी रात्री अकरा ते एक एवढाच वेळ मिळतो, तीन संध्याकाळी एक डबडं शोधायला कोणाकडे आहेत? पण निदान आर्कंगथांडचं बघू नका. ते तुमचं तुम्हीच शोधा.) आणि हेही सांगायला हवं की पूर्ण व्हायला मला पाच महिने लागले, मधे दीड महिना कंटाळून सोडला होता. तुम्हाला आठवण फार जपायची असेल, तर कदाचित माझं पहिलं वाक्य तुम्हाला लागू नाही.

कागदी नकाशाचं. जुने डबे विकणारे ऑनलाइन सापडतात, पण डब्यात नकाशा आहे का हे फोटो मागवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आमचा आलेखाच्या कागदावरचा दादाकडे आहे, दोहाला जाताना त्याने तो फाइलमध्ये घालून नेला हे मला त्या कॉलवर कळलं. मी स्कॅन करून पाठव म्हटलं. म्हणाला, आधी एफ५चं मागे घे.